मैहरचे बाबा आणि त्यांचा वाद्यवृंद

मुंबईहून जबलपूरमार्गे हावड्याकडे जाणारी गाडी कटनी सोडून सतन्याच्या दिशेने निघाली, की वाटेत मैहरचे स्थानक लागते. येथे उतरणारे बहुसंख्य प्रवासी शारदादेवीच्या दर्शनाला आलेले असतात. त्रिकूट टेकडीवरच्या त्या मंदिराकडे नेणाऱ्या हजाराहून अधिक पायऱ्या त्यांना दुरूनच दिसतात. त्यांच्यातला एखादाच प्रवासी दुसऱ्या एका दर्शनासाठी आलेला असतो. त्याला ‘मदिना भवन’ नावाचे घर पाहायचे असते. पन्नास वर्षांहून अधिक काळ मैहरमध्ये राहून, येथेच देह ठेवून, त्या घराच्या आवारात चिरविश्रांती घेणाऱ्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे हे घर. गावाने त्यांना कधी उस्ताद म्हटले नाही. गावाचे ते बाबा होते.

अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी यांचे गुरू ही बाबांची जगाला असलेली ओळख. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. या नामवंत शिष्यांपैकी एकाचेही शिक्षण सुरू झाले नव्हते, किंबहुना त्यांतले बहुतेक जन्मलेही नव्हते, तेव्हा बाबांपुढे शिष्यांची एक वेगळीच पंगत बसली होती. त्या पंगतीतल्या मुलांना आईबाप नव्हते, घराणे नव्हते, आणि संगीत शिकण्याची इच्छा आपल्याला आहे की नाही हेही ठाऊक नव्हते. त्या मुलांचा जो वाद्यवृंद उभा राहिला, तो ‘मैहर बँड’ या नावाने प्रसिद्धीस आला. कोणत्याही संस्थेची शंभर वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या इतिहासात थोर नावे ठळकपणे येतात. मात्र संस्था चालत राहते ती ज्यांची नावे कोठेच येत नाहीत अशा माणसांमुळे. आपल्या ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या या अंकात बाबांचे चरित्र त्यांच्या वाद्यवृंदाच्या अंगाने सांगावेसे वाटले, ते याच कारणाने.

बाबांचा जन्म पूर्व बंगालमधल्या ब्राह्मणबाडिया भागातील शिवपूर या खेड्यात झाला. आज हा प्रदेश बांगलादेशात आहे. त्यांच्या जन्मसालाविषयी एकमत नाही. १८६२ हे साल दीर्घकाळ सांगितले गेले. अलीकडचे अभ्यासक ते १८८१ च्या सुमारास धरतात. वडील सतार वाजवीत, थोरले बंधू आफताबुद्दीन बासरी आणि तबला वाजवीत. घरात असे संगीत होते, तरी ते धाकट्या मुलाच्या हाती कोणी देत नव्हते. शाळेत त्याचे मन रमेना. वाटेवरच्या शिवमंदिरातील साधूंची भजने आणि वाद्ये ऐकत तो दिवस घालवी, आणि घरी आल्यावर मार खाई. अखेर कोवळ्या वयातच त्याने घर सोडले. आधी एका जत्रामंडळींबरोबर, म्हणजे बंगालमधील फिरत्या नाटकवाल्यांबरोबर, तो हिंडला आणि पुढे कलकत्त्याला पोहोचला.

कलकत्त्यातले ते सुरुवातीचे दिवस बाबांच्या पुढील आयुष्याची किल्ली आहेत. गाठीला असलेले किडुकमिडुक चोरीला गेले. अन्नछत्रात मिळेल ते एक वेळचे जेवायचे, गंगेचे पाणी प्यायचे आणि रात्री रस्त्याकडेच्या एखाद्या ओसरीवर पडून राहायचे, अशी अवस्था होती. ज्या मुलाला कोणी विचारणारे नाही, त्याच्या पोटातली भूक आणि मनातली भीती बाबांनी पुस्तकातून जाणली नव्हती; ती त्यांनी भोगली होती. पुढे मैहरच्या अनाथ मुलांकडे पाहताना त्यांना काय दिसले असेल, हे समजण्यासाठी हा काळ ध्यानात ठेवला पाहिजे.

एका सहृदय गृहस्थाच्या मदतीने ते गोपालचंद्र भट्टाचार्य ऊर्फ नुलो गोपाल या श्रेष्ठ गायकाकडे पोहोचले. गुरूंची अट मोठी कठीण होती. बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावी लागेल, मगच रागाचे नाव काढायचे. मुलाने ती मान्य केली. सात वर्षे सरगम आणि पलटे घोटून झाले, आणि प्लेगच्या साथीत गुरूच निवर्तले. या आघातानंतर त्यांनी गाणे सोडले ते कायमचे, आणि वाद्यांकडे मोर्चा वळवला. सात वर्षांच्या त्या सरगमने मात्र कोणत्याही वाद्यावर चालेल असा स्वर त्यांच्या कानात पक्का बसवून दिला होता. साथीच्या रोगाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलण्याचा हा पहिला प्रसंग होता. दुसरा पुढे मैहरमध्ये यायचा होता.

वाद्यांच्या बाबतीत त्यांची भूक अफाट होती. स्वामी विवेकानंदांचे नातलग अमृतलाल दत्त ऊर्फ हबू दत्त हे कलकत्त्याच्या रंगभूमीवर वाद्यवृंदाची जबाबदारी सांभाळीत. त्यांच्याकडे बाबा अनेक वाद्ये शिकले. युरोपीय पद्धतीचे व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे. हा दुवा गोव्याच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावा असा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन आणि वाद्यवादन शिकलेले गोमंतकीय वादक त्या काळी हिंदुस्थानभरच्या संस्थानी व लष्करी बँडांत पसरले होते. त्यांच्यापैकी एकाने मैहरच्या वाद्यवृंदाच्या पायात, नकळत का होईना, आपला एक दगड बसवला. हजारी उस्तादांकडून सनई, आणखी कोणाकडून क्लॅरिनेट, कॉर्नेट, मृदंग, तबला असे करता करता बाबांच्या हाताला लागेल ते वाद्य बोलू लागले. नाटकगृहातील वादक म्हणून पोट भरण्याइतकी कमाईही होऊ लागली.

याच सुमारास घरच्यांनी शोध काढून त्यांना गावी नेले आणि त्यांचे लग्न लावून दिले. वधूचे नाव मदनमंजरी. लग्नाच्या रात्रीच नवरदेव पुन्हा कलकत्त्याला पळाले, ही कथा बाबांच्या चरित्रात नेहमी येते आणि ती कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील दुसरी बाजू मात्र विसरता येत नाही. पुढची कित्येक वर्षे त्या माउलीने नवऱ्याविना काढली. विद्येसाठी माणूस किती निष्ठुर होऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. उतारवयात बाबांनी पत्नीच्या नावाने ‘मदनमंजरी’ हा राग बांधला आणि राहत्या घरालाही तिचेच ‘मदिना’ हे नाव दिले. त्यात प्रेम तर होतेच. काही अंशी ऋणाची जाणीवही असावी.

अनेक वाद्ये वाजवता येऊ लागल्यामुळे तरुण वयात त्यांना थोडी घमेंड चढली होती. ती मुक्तागाछा येथील जमीनदारांच्या दरबारात उतरली. तेथे अहमद अली खाँ यांचे सरोद कानी पडले, आणि आजवर आपण पुष्कळ वाजवले पण संगीत शिकलो नाही, हे त्यांना उमगले. त्यांनी अहमद अलींचे पाय धरले. काही वर्षे त्यांची सेवा करत, त्यांचा स्वयंपाक करत सरोद शिकल्यावर ते रामपूरला आले. रामपूरचे वजीर खाँ हे तानसेनाच्या परंपरेतले बीनकार. त्यांच्या दारी नवख्याला प्रवेश मिळेना. शेवटी बाबांनी रामपूरच्या नवाबांच्या मोटारीपुढे स्वतःला झोकून दिले आणि नवाबांच्या शब्दाखातर वजीर खाँनी गंडा बांधला, असे सांगतात.

गंडा बांधला, पण विद्या मिळाली नाही. दोन-अडीच वर्षे ते गुरूच्या घरी केवळ राबत राहिले. एके दिवशी गावाकडून तार आली, की पत्नीने जीव देण्याचा प्रयत्न केला आहे. ती वाचल्यावर या शिष्याने मागे काय टाकले आहे हे वजीर खाँना प्रथमच कळले आणि त्यांचे मन द्रवले, अशी हकिगत आहे. त्यानंतर मात्र त्यांनी हात राखून शिकवले नाही. ध्रुपद-धमार, रबाब, सूरसिंगार यांची विद्या बाबांना मिळाली. बीन मात्र वंशातच ठेवायची, ही रीत होती. त्या काळी हे सर्वत्र असेच चाले. विद्या ही घराण्याची मिळकत. ती मुलाला, जावयाला किंवा फार तर अनेक वर्षे पाय चेपणाऱ्या शिष्याला द्यायची. बाबांना जे मिळाले ते अर्धे आयुष्य याचना करून मिळाले. अशा माणसापुढे पुढे दोन वाटा असतात. आपण सोसले तसे दुसऱ्यानेही सोसावे, ही एक. आणि आपल्याला भोगावे लागले ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, ही दुसरी. बाबांच्या स्वभावात या दोन्ही वाटा शेवटपर्यंत एकत्र नांदल्या.

१९१८ च्या सुमारास मैहर संस्थानचे अधिपती महाराज ब्रिजनाथसिंह यांनी त्यांना आपल्या दरबारी आणले. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. पण महाराज स्वतः संगीताचे शिष्य व्हायला उत्सुक होते. त्याच सुमारास साथीच्या रोगाने त्या भागात थैमान घातले. सबंध हिंदुस्थानात त्या वर्षी इन्फ्लुएन्झाने लक्षावधी माणसे नेली. घरेच्या घरे ओस पडली आणि मागे पोरकी मुले राहिली. संस्थानने त्यांच्या अन्नवस्त्राची सोय केली. बाबांनी ती मुले आपल्या पदराखाली घेतली, आणि तेथून मैहरच्या वाद्यवृंदाचा जन्म झाला.

हाच काळ मध्य भारतात आणि पश्चिम हिंदुस्थानात संगीतशिक्षणाच्या नव्या प्रयोगांचा होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून सुरू होती. त्याच बडोद्यात १९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. आणि १९१८ मध्येच ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय स्थापन केले. या सर्वांचा हेतू विद्या घराण्यांच्या कुलपातून बाहेर काढण्याचा होता. त्यांची साधने होती पाठ्यपुस्तक, स्वरलिपी, वर्ग आणि परीक्षा. मैहरला यांतले काहीच नव्हते. तेथे शिकायला येणाऱ्यास आधी जेवू घालावे लागत होते. परंतु कुलूप काढण्याचे काम तेथेही चालू होते, आणि ते काढणारा माणूस स्वतः त्याच कुलपावर वर्षानुवर्षे डोके आपटून आलेला होता.

मुलांना हाताशी धरून बाबांनी एकेकाचा कल पाहिला. कोणाचा हात तालात चाले, कोणाचा श्वास दमदार होता, कोणाच्या बोटांत चपळाई होती. तसतशी वाद्ये त्यांच्याकडे गेली. सतार, सरोद, इसराज, बासरी, तबला, ढोलक यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि पियानोही आले. देशी आणि विलायती असा भेद बाबांनी केला नाही. कलकत्त्याच्या नाटकगृहांत त्यांनी स्वतः दोन्ही वाजवले होते. शिक्षण सारे तोंडी. गुरूने वाजवायचे, मुलाने ऐकायचे आणि हुबेहूब तसेच येईपर्यंत वाजवत राहायचे. लिहिलेला कागद पुढे न ठेवता शेकड्यांनी रचना या मुलांच्या हातात बसल्या.

जेथे वाद्य मिळाले नाही तेथे बाबांनी ते घडवले. संस्थानच्या शस्त्रागारात निकामी झालेल्या बंदुका पडून होत्या. त्यांच्या पोलादी नळ्या त्यांनी मागून घेतल्या. नळी जितकी आखूड तितका स्वर उंच, या साध्या तत्त्वावर निरनिराळ्या लांबीचे तुकडे कापून, घासून त्यांनी ते स्वरांत लावले आणि ओळीने मांडून काठ्यांनी वाजवायचे एक वाद्य तयार केले. तेच ‘नलतरंग’. जलतरंगाचा नाद पाण्याच्या पातळीवर अवलंबून असल्यामुळे तो प्रत्येक वेळी नव्याने जुळवावा लागतो. नलतरंगाच्या नळ्या एकदा कापल्या की स्वर ठरला. वाद्यवृंदासाठी ही फारच सोयीची गोष्ट होती. बंधू आयेत अली खाँ हे वाद्ये घडवण्यात निष्णात; त्यांच्या साहाय्याने चंद्रसारंगासारखी वाद्येही सिद्ध झाली. बंदुकीच्या नळ्यांतून पोरक्या मुलांनी सूर काढावेत, या गोष्टीतला अर्थ बाबांनी कधी भाषणातून सांगितल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या दृष्टीने तो चांगल्या पोलादाचा योग्य उपयोग होता.

वृंदवादनाचा प्रश्न आपल्या संगीतात मुळातच अवघड आहे. आपला राग एका कलावंताच्या मनात क्षणोक्षणी उमलत जातो. दहा जणांच्या मनात तो एकाच क्षणी एकसारखा कसा उमलणार? पाश्चात्त्य वाद्यवृंदात निरनिराळी वाद्ये निरनिराळे स्वर एकत्र वाजवतात आणि त्या स्वरसंगतीतून भारदस्तपणा येतो. आपल्याकडे तसे केले तर रागाचे रूप विस्कटते. बाबांनी मार्ग काढला तो बांधीव रचनेचा. राग आणि ताल यांच्या मर्यादेत संपूर्ण बांधलेली गत सर्व वाद्यांनी एकदिलाने वाजवायची आणि वाद्यांच्या नादगुणांच्या फरकातून रंग भरायचे. स्वर एकच, पण तो सतारीच्या तारेतून, चेलोच्या गजातून आणि नलतरंगाच्या पोलादातून एकाच वेळी निघतो, तेव्हा त्याला जी रुंदी येते ती एकट्या वाद्यात येत नाही. शास्त्रीय रागांबरोबर लोकधुना आणि विलायती चालीवरच्या रचनाही या वृंदासाठी त्यांनी बांधल्या. लखनौच्या संगीत परिषदेत मैहरचा हा वृंद वाजला, तेव्हा मोठमोठ्या उस्तादांना ऐकायला जमलेल्या जाणकारांनी एका लहान संस्थानातल्या या मुलांना कान दिला.

येथवरचे वर्णन वाचून मैहर म्हणजे प्रेमळ गुरूचा आश्रम, अशी समजूत होईल. ती खरी नव्हे. बाबा अत्यंत तापट होते. चूक झाली की हात उठे. जवळ असेल ती वस्तू फेकून मारली जाई. वृंदातल्या मुलांनी मार खाल्ला. पोटच्या मुलानेही खाल्ला. अली अकबरांना झाडाला बांधून मारल्याच्या आणि वडिलांच्या धाकाने त्यांनी मुंबईला पळ काढल्याच्या हकिगती त्या घराण्यातच सांगितल्या जातात. पूर्वीच्या पिढीने या कठोरपणाला शिस्त म्हणून गौरवले. आज तसे म्हणणे आपल्याला अवघड वाटते, आणि वाटावे. ज्या मुलांना जायला दुसरे घर नव्हते, त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. अली अकबर पळून जाऊ शकत होते. वृंदातली मुले कोठे पळणार होती? बाबा मारीत आणि मागाहून स्वतःच रडत, असेही सांगतात. त्या रडण्याने मार पुसला जात नाही. पण मारणाऱ्याला आपण काय केले ते कळत होते, एवढे त्यातून दिसते.

याच घरात आणखी एक दुःख घडले होते. थोरली कन्या जहाँआरा हिला बाबांनी संगीत शिकवले. सासरच्यांना ते रुचले नाही. तिचा तंबोरा जाळण्यात आला, ती खंगून माहेरी परतली आणि अकाली गेली. आपण दिलेल्या विद्येनेच मुलीचा घात केला, या जाणिवेने बाबांनी धाकट्या कन्येला काहीही न शिकवण्याचे ठरवले. १९२७ मध्ये जन्मलेल्या या मुलीचे नाव महाराज ब्रिजनाथसिंहांनी अन्नपूर्णा असे ठेवले होते. भावाला दिलेले धडे ती लांबून ऐकून मुखोद्गत करत असे. एकदा बाबा बाहेर गेले असता अली अकबरांची चूक ती गाऊन सुधारत असताना परतलेल्या बाबांनी ते ऐकले आणि त्यांचा निश्चय गळून पडला. पुढे अन्नपूर्णादेवी सूरबहाराच्या अद्वितीय वादक झाल्या आणि मैफलींपासून दूर, मुंबईत २०१८ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत, त्यांनी अनेक कलावंत घडवले.

१९३५ मध्ये नर्तक उदयशंकर यांच्या संचाबरोबर बाबा युरोपच्या दौऱ्यावर गेले. या संचातील वाद्यमेळाचे काम पूर्वी तिमिरबरन यांनी केले होते. तेही बाबांचेच शिष्य. मैहरचा वृंद त्यांनी जवळून पाहिला होता. पुढे न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ या हिंदी चित्रपटाचे संगीत तिमिरबरन यांनी दिले. त्याच संचातला उदयशंकरांचा धाकटा भाऊ बाबांच्या सहवासात भारावून गेला आणि १९३८ मध्ये पॅरिसची सवय असलेला तो तरुण मैहरच्या खाटेवर निजायला आला. हे रविशंकर. १९४१ मध्ये त्यांचा अन्नपूर्णादेवींशी विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या आकाशवाणीवर ‘वाद्यवृंद’ स्थापन झाला, त्याच्या उभारणीत रविशंकरांचा मोठा वाटा होता. आणि १९५६ मध्ये त्यांनी ते काम सोडल्यावर ती धुरा बाबांचेच दुसरे शिष्य, बासरीवादक पन्नालाल घोष यांच्याकडे आली. आपल्या मराठी मंडळींना परिचित असलेले व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनीही बाबांचे मार्गदर्शन घेतले होते. रेडिओवर आणि चित्रपटांत देशाने जे वृंदवादन ऐकले, त्याचे अनेक धागे असे मागे नेत गेलो, की ते बंदुकीच्या नळ्यांपाशी येऊन थांबतात.

बाबांचे दैनंदिन जीवन अत्यंत साधे होते. पाच वेळा नमाज पढणारा हा भाविक मुसलमान शारदादेवीचाही निस्सीम भक्त होता, आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे ना त्यांना वाटले ना मैहरला. हेमंत, हेमबिहाग, शोभावती, भुवनेश्वरी असे राग त्यांच्या नावावर आहेत. बाजारहाट ते स्वतः करत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५२ मध्ये, पद्मभूषण १९५८ मध्ये आणि पद्मविभूषण १९७१ मध्ये त्यांना मिळाले. विश्वभारतीने त्यांना सन्मानाने बोलावले. पण दिल्ली-कलकत्त्याहून परतले की त्यांचे पाऊल वृंदाच्या तालमीकडे वळे.

संस्थाने विलीन झाली आणि वृंदाचा राजाश्रय संपला. पोरकी मुले एव्हाना प्रौढ झाली होती. संसाराला लागली होती. आता त्यांना दुसऱ्यांदा पोरके व्हायची वेळ आली. मैहर आधी विंध्य प्रदेशात आणि १९५६ नंतर मध्य प्रदेशात गेले. १९५५ मध्ये बाबांनी मैहरला संगीत महाविद्यालय स्थापन केले आणि पुढे वृंदाचे वादक शासनाच्या संगीत महाविद्यालयाचा भाग झाले. त्यामुळे वृंद टिकला. ६ सप्टेंबर १९७२ रोजी बाबांचे निधन झाले, तरी त्यांनी बसवलेल्या रचना पुढच्या हातांकडे जात राहिल्या. मूळची मुले एकेक करून गेली. त्यांच्या जागी नवे वादक आले. मैहरला दर वर्षी बाबांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरतो आणि त्यात देशभरच्या कलावंतांबरोबर हा वृंदही वाजतो.

येथे एक हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बाबांनी अली अकबर आणि अन्नपूर्णा यांना जे दिले, ते वृंदातल्या मुलांना दिले नाही. पोटच्या मुलांना रागाचा अथांग आलाप मिळाला. वृंदाला बांधलेल्या गती मिळाल्या. मुलाचे नाव जगभर गेले. वृंदातल्या वादकांची नावे मैहरबाहेर फारशी कोणी घेतली नाहीत. घराण्याची भिंत बाबांनी पाडली असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांनी तिच्यात एक दार ठेवले, आणि त्या दारातून आत येणाऱ्याला कुळ विचारले नाही. ज्या काळात वजीर खाँच्या उंबऱ्यावर स्वतः बाबांना वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले, त्या काळात रस्त्यावरच्या मुलाला बोलावून त्याच्या हाती सतार देणे ही लहान गोष्ट नव्हती. भुकेने किंवा रोगाने जी मुले कदाचित गेलीही असती, ती उपजीविका मिळवून म्हातारी झाली. त्यांच्या हाताला कला होती आणि गावात त्यांना मान होता.

थोर शिष्य हे गुरूच्या कीर्तीचे वारस असतात, परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांनी मैहर सोडले. अली अकबर कॅलिफोर्नियाला गेले, रविशंकरांनी जग पालथे घातले, अन्नपूर्णादेवी मुंबईत राहिल्या. त्यांनी जावे हेच योग्य होते. मैहरमध्ये राहून बाबांची गत रोज वाजवत ठेवली ती वृंदातल्या वादकांनी. आपल्या ग्रंथालयाच्या दप्तरात शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या चाळताना देणगीदारांची नावे सुवाच्य अक्षरांत आढळतात. पुस्तकांना पुठ्ठे घालणाऱ्याचे, संध्याकाळी कंदील लावून दार उघडणाऱ्याचे नाव सापडत नाही. मैहरच्या वाद्यवृंदाची आठवण येते ती अशा वेळी. बाबांच्या कबरीपासून थोड्याच अंतरावर आजही ती नलतरंगाची नळी काठीच्या आघाताने वाजते. ती कोणी वाजवली हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. स्वर मात्र बाबांनी कापून ठेवला तोच असतो.